बाटलीवरचे चार आकडे: सर्पविष संशोधनाचा थोडा इतिहास

सर्पदंशावरचं प्रतिविष, म्हणजे दवाखान्यात ज्याला नुसतं 'एएसव्ही' म्हणतात, त्याची बाटली कधी हातात आली तर तिचं लेबल नीट वाचा. दहा मिलिलिटरची छोटीशी बाटली, आत पांढरी भुकटी. लेबलवर लिहिलेलं असतं की ही भुकटी विरघळवल्यावर दर १ मिलिलिटर औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम, घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम, मण्यारीचं ०.४५ मिलिग्रॅम आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतं. भारतात बनलेली कुठल्याही कंपनीची बाटली घ्या, साप हेच चार आणि आकडे हेच.

तुमच्यापैकी कुणी पेटची तयारी करत असेल, कुणी सिनॉप्सिस लिहायला बसलं असेल. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे शेवटच्या दहा वर्षांतले पेपर एकापुढे एक लावायचे, असं आपल्याला सगळ्यांनाच वाटतं. मीही तेच केलं होतं. पण या चार आकड्यांचा माग काढायला बसलं की दहा वर्षं पुरत नाहीत, साडेतीनशे लागतात. हेच चार साप का? ०.६ हा आकडा कशाचं माप आहे? आणि 'नाग' असं लेबल म्हणतं तेव्हा ते कुठल्या नागाबद्दल बोलतंय? शेवटचा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. गेल्या सव्वाशे वर्षांतला या विषयातला सगळ्यात मोठा वाद त्याच्याभोवतीच फिरतो.

सुरुवात फ्लॉरेन्सपासून करू, पण तिथे फार रेंगाळायचं नाही. सापाचं विष पित्तातून येतं, सापाच्या रागातून येतं, अशा समजुती सतराव्या शतकातल्या युरोपात विद्वानांच्याही होत्या. १६६४ साली फ्रान्चेस्को रेदी या वैद्यानं व्हायपर सापांवरच्या प्रयोगांचं पुस्तक छापलं. विष म्हणजे दातांवाटे येणारा पिवळसर द्रव, ते रक्तात गेलं तरच मारतं, पोटात गेलं तर नाही, हे त्यानं दाखवलं. हे सिद्ध कसं झालं? याकोपो सोत्सी नावाच्या साप पकडणाऱ्या माणसानं सगळ्यांसमोर ते विष पिऊन दाखवलं आणि त्याला काहीही झालं नाही. (तोंडात जखम असती तर गोष्ट वेगळी झाली असती, म्हणून घरी करून बघू नका.) रेदीनं या माणसाचं नाव लिहून ठेवलं, एवढं लक्षात असू द्या. या इतिहासात साप पकडणाऱ्याचं नाव छापून येण्याचे प्रसंग फार थोडे आहेत.

पुढच्या शतकात फेलिचे फोंताना आला. त्याचं मोठं पुस्तक १७८१ सालचं, आणि त्यामागे सहा हजारांहून जास्त प्रयोग होते असं सांगतात. आजच्या कुठल्याही प्राणी-नीती समितीनं तो अर्ज पहिल्याच बैठकीत परत पाठवला असता आणि बरोबर केलं असतं. पण विष रक्तावर परिणाम करतं, रक्त गोठण्याची रीतच बिघडवतं, या मुद्द्याकडे त्याचं लक्ष गेलं. तो मुद्दा पुढे परळमध्ये आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता भारतात या. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला पॅट्रिक रसेल विशाखापट्टणमकडे साप गोळा करत होता. १७९६ साली त्याच्या सचित्र ग्रंथाचा पहिला भाग निघाला. घोणशीला इंग्रजीत आजही त्याचंच नाव आहे. गंमत म्हणजे रसेलनं स्वतः त्या सापाची नोंद स्थानिक तेलुगू नावानं केली होती. त्याचं नाव त्या सापाला मागाहून दुसऱ्यांनी दिलं.

माझ्या मते खरा कळीचा माणूस म्हणजे जोसेफ फेरर. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सेचा प्राध्यापक. त्याचा 'थॅनाटोफिडिया ऑफ इंडिया' हा भलामोठा ग्रंथ १८७२ साली निघाला. त्यातली सापांची रंगीत चित्रं कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी काढली होती, आणि आजही ती बघत राहावीशी वाटतात. पण संशोधनाच्या दृष्टीनं त्या पुस्तकाचा गाभा म्हणजे प्रयोगांची लांबलचक, कंटाळवाणी, पानामागून पान चालणारी यादी. कुत्र्याला अमुक वाजता नाग चावला, अमुक औषध दिलं, अमुक वाजता कुत्रा मेला. कोंबडीला चावला, अमुक मुळी दिली, कोंबडी मेली. त्या काळी ऑस्ट्रेलियातले हॅलफर्ड नावाचे प्राध्यापक शिरेतून अमोनिया देण्याचा जोरात पुरस्कार करत होते. फेररनं तेही करून पाहिलं. उपयोग शून्य.

म्हणजे त्या जाडजूड ग्रंथातला उपचारांचा भाग बहुतेक सगळा नकारार्थी आहे. आपल्याकडे नकारार्थी निष्कर्ष आला की विद्यार्थी तोंड लपवतो आणि गाइड म्हणतात, "याचा पेपर कसा होणार?" फेररनं मात्र तो सरळ छापला. त्याची गरज का होती ते बघा. भारतातले बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असं नाही. त्यामुळे शंभर दंश झालेल्यांना मंत्र, मुळी, विषमणी, ताईत, काहीही दिलं तरी त्यातले बरेच जण जगणारच. गावातल्या मांत्रिकाचा 'सक्सेस रेट' चांगला दिसतो तो याच कारणानं. तो खोटं बोलतोच असं नाही, त्याच्याकडे कंट्रोल गट नसतो इतकंच. फेररनं विष नक्की गेलंय अशा प्राण्यांवर उपाय तपासला आणि त्याबरोबर एका फटक्यात उपायांची अख्खी बाजारपेठ रिकामी झाली. म्हणजे कागदावर झाली. प्रत्यक्षात ती आजही भरलेली आहे.

फेररनं आणखी एक गोष्ट केली. सर्पदंशानं किती माणसं मरतात याचे आकडे त्यानं निरनिराळ्या प्रांतांच्या अधिकाऱ्यांकडून मागवले. १८६९ या एका वर्षाची बेरीज ११,४१६ झाली, आणि त्यात सगळा हिंदुस्थान नव्हताच. या आकड्याकडे आपण शेवटी परत येऊ.

इंग्लंडला परतल्यावर त्यानं लॉडर ब्रंटन या औषधशास्त्रज्ञाबरोबर काम केलं. १८७० च्या दशकात त्यांचे निबंध रॉयल सोसायटीत आले. नागाच्या विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि प्राणी गुदमरून मरतो, हृदय बंद पडून नव्हे. प्राण्याला कृत्रिम श्वास देत राहिलं तर हृदय पुढे बराच वेळ चालतं. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. मण्यार चावलेला माणूस आज वाचतो तो बऱ्याचदा व्हेंटिलेटरवर वाचतो. मण्यारीच्या विषातला एक घटक मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतो, आणि इजा झाल्यावर प्रतिविष ती भरून काढू शकत नाही. शरीर आपल्या गतीनं ती दुरुस्त करेपर्यंत श्वास बाहेरून चालवावा लागतो. दीडशे वर्षांपूर्वी हे तत्त्व छापलेलं होतं. पण प्रयोगशाळेत कळलेली गोष्ट आणि तालुक्याच्या रुग्णालयात असलेलं यंत्र यांच्यामधलं अंतर अजूनही सगळीकडे तुटलेलं नाही.

आता प्रतिविषाकडे. १८८७ साली अमेरिकेत हेन्री सूअल यानं कबुतरांना रॅटलस्नेकच्या विषाचे अगदी बारीक डोस वाढवत वाढवत दिले, तेव्हा ती कबुतरं एरवी मारणारा डोस सहन करू लागली. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वात आणि घटसर्पाच्या बाबतीत दाखवलं की अशी सहनशक्ती रक्तद्रवातून दुसऱ्या प्राण्याला देता येते. दोन्ही गोष्टी एकत्र कुणी करायच्या एवढाच प्रश्न होता. पॅरिसमध्ये फिझालिक्स आणि बर्त्रां, आणि तिथेच अल्बेर काल्मेत, यांनी १८९४ च्या फेब्रुवारीत एकाच सभेत आपापलं काम मांडलं. शोध कुणाचा यावर मग अर्थातच भांडण झालं. ते आपण सोडून देऊ.

काल्मेत हा पुढे क्षयाच्या बीसीजी लशीमुळे जगप्रसिद्ध झाला, तोच हा. १८९१ मध्ये पाश्चरच्या सांगण्यावरून तो सायगावात नवी संस्था उभारायला गेला होता. त्याच सुमारास बाक ल्यू या गावात पुराचं पाणी शिरलं आणि पाण्याबरोबर नाग घरात आले. चाळीस जणांना चावले, चौघं मेले. गावातल्या एका साप पकडणाऱ्यानं एकोणीस नाग जिवंत धरले, पिंपात बंद केले आणि ते पिंप सायगावला पोचलं. काल्मेतचं सर्पविषावरचं काम त्या पिंपातून निघालं. पकडणाऱ्याचं नाव मात्र कुठे नाही.

घोड्यांना प्रामुख्यानं नागाचं विष टोचून काल्मेतनं सीरम तयार केलं. आणि मग त्यानं जो दावा केला तो आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. हे सीरम नुसत्या नागावर नाही, सगळ्याच विषारी सापांवर चालेल, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचा तर्क मूर्खपणाचा नव्हता. सगळ्या विषांमधला खरा मारक घटक मज्जासंस्थेवर काम करणारा, आणि तो सगळीकडे एकच; बाकी सूज, रक्तस्राव, सडणं ही वरवरची लक्षणं. व्हायपरचं विष तापवलं की हे वरवरचे घटक नष्ट होतात, उरलेला भाग सीरमनं निष्प्रभ होतो, असं तो दाखवायचा. यातली खोच तुमच्या लक्षात आली असेल. जे घटक आपल्या सिद्धान्तात बसत नाहीत ते आधी तापवून घालवले, आणि उरलेल्यावर सिद्धान्त सिद्ध केला.

हे सीरम लील शहरातून बोटीनं जगभर जाऊ लागलं, भारतातही आलं. इथून गोष्ट मुंबईत येते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, वाल्डेमार हाफकिन आला, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत लस तयार झाली. १८९९ मध्ये ती प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली. आज आपण जिला हाफकिन संस्था म्हणतो ती हीच वास्तू. ते नाव १९२५ साली मिळालं. तेव्हा ती प्लेग संशोधन प्रयोगशाळा होती. तिथे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला जॉर्ज लॅम्ब हा डॉक्टर काम करत होता. प्लेगच्या धामधुमीत त्यानं आणि विल्यम हॅना यानं काल्मेतच्या सीरमची तपासणी हाती घेतली.

या तपासणीचा पहिला प्रश्न अगदी साधा होता, आणि मला तोच सगळ्यात आवडतो. फ्रान्समध्ये भरलेली बाटली मुंबईच्या उकाड्यात ठेवली तर सीरम टिकतं का? १९०२ च्या त्यांच्या निबंधाचा विषयच तो आहे: शुद्ध नागविष घेऊन सीरमचं प्रमाणीकरण, आणि भारतात साठवल्यामुळे त्याचा कस कसा उतरतो. कस उतरत होता. कुठलाही भव्य सिद्धान्त नाही, फक्त 'हे औषध इथे, या हवेत, काम करतं का' हा प्रश्न. तुमच्या हातातल्या बाटलीत आज द्रवाऐवजी भुकटी असते ती याच अडचणीमुळे. गोठवून वाळवलेलं प्रतिविष गावच्या आरोग्य केंद्रात फ्रिज बंद पडला तरी टिकून राहतं.

दुसरा प्रश्न डोसचा. लॅम्बनं त्याआधीच, १८९९ मध्ये, डेव्हिड सेंपलबरोबर हे मोजलं होतं. नाग एका चाव्यात जेवढं विष सोडू शकतो त्याच्या मानानं बाटलीवर सांगितलेला डोस फारच तुटपुंजा होता. सीरम काम करतं, पण एवढंसं देऊन नाही.

तिसरा प्रश्न 'सगळ्या सापांवर चालतं' या दाव्याचा. यासाठी लॅम्बकडे घोणस होती, जी काल्मेतच्या सिद्धान्ताला सगळ्यात अडचणीची. घोणशीचं विष रक्तावर काम करतं. मोठा डोस गेला तर प्राण्याच्या रक्तवाहिन्यांतच गुठळ्या होतात. थोडा गेला तर गोठण्याचे घटक वापरून संपतात आणि रक्त गोठायचंच थांबतं. फोंतानानं जे धूसर पाहिलं होतं ते परळमध्ये नीट मोजलं गेलं. आणि नागाच्या विषाविरुद्ध चांगलं चालणारं सीरम घोणशीच्या विषाविरुद्ध काहीच करत नव्हतं. पुढे लॅम्बनं उलट बाजूही तपासली: घोणशीच्याच विषावर सीरम तयार केलं आणि ते इतर सापांच्या विषांवर लावून पाहिलं. १९०३ ते १९०५ च्या त्याच्या निबंधांचा निष्कर्ष एका ओळीत असा, की ज्या विषावर सीरम बनवलं त्याच विषावर ते भरवशानं चालतं.

हे एकट्या लॅम्बनं म्हटलं असतं तर कदाचित वाद तिथेच विरला असता. पण ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन यांना तिथल्या टायगर स्नेकच्या बाबतीत हेच दिसलं होतं, आणि ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यांनाही. तीन खंड, तीन वेगळे साप, आणि उत्तर एकच. काल्मेत मोठा होता, पॅरिसच्या संस्थेचं वजन त्याच्या पाठीशी होतं, आणि तो आपलं म्हणणं सहजासहजी सोडायला तयार नव्हता. पण साप ज्यांच्या अंगणात होते त्यांचे आकडे त्याच्या विरुद्ध गेले.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती तेव्हा कुणालाच दिसली नव्हती. काल्मेतला सायगावात मिळालेले नाग आणि लॅम्बला मुंबईत मिळणारे नाग यांचं शास्त्रीय नाव त्या काळी एकच होतं, 'नाजा ट्रायपुडियन्स'. आज आपण त्यांना दोन वेगळ्या जाती मानतो. तिकडचा एका गोल चकत्याचा, 'नाजा काउथिया'. आपल्याकडचा चष्म्याच्या खुणेचा, 'नाजा नाजा'. म्हणजे जुन्या पेपरमध्ये 'कोब्रा' वाचलं की लगेच पुढे जाऊ नका. नमुना कुठला होता ते शोधा. ते पद्धतीच्या भागात नसेल तर तळटिपेत असतं, तिथेही नसेल तर साप कुणी पाठवला याच्या आभारात सापडतं.

चारपैकी फुरसं यादीत आलं त्याला कोकणाचा मोठा हातभार आहे. फुरसं दिसायला किरकोळ, फूटभर ते दोन फूट. फेररच्या पिढीला नागाची भीती जास्त होती, आणि हे स्वाभाविक आहे. फणा काढणारा साप सगळ्यांच्या लक्षात राहतो. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र इंग्रज सरकारनं फुरसं मारण्यावर बक्षीस लावलं तेव्हा मारलेल्या फुरशांचे आकडे लाखांत गेले. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जी. डब्ल्यू. विडाल यांनी १८९० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख लिहून सांगितलं की या भागात माणसं मारण्यात हा छोटा साप नागाहून पुढे आहे, आणि कुणी त्याला पुरेसं गंभीरपणे घेत नाही. फुरसं चावलेला माणूस लगेच मरत नाही. हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, असं होत होत काही दिवसांनी मरतो, आणि तोवर 'साप चावला होता' ही गोष्ट मागे पडलेली असते. विडाल प्रयोगशाळेतले नव्हते, त्यांच्यासमोर फक्त नोंदींचे कागद होते. तेवढ्यावर त्यांना जे दिसलं ते कोलकात्याला दिसलं नव्हतं.

सुरुवातीला हिमाचलमधल्या कसौलीच्या संस्थेत नाग आणि घोणस या दोघांसाठी सीरम बनत असे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाफकिनमध्ये चारही सापांच्या विषांवर घोडे तयार होऊ लागले, सर्पालय उभं राहिलं, आणि 'महत्त्वाचे चार' ही यादी पक्की झाली. हाफकिनमधल्या डॉ. पी. जे. देवरस यांचं भारतीय सापांवरचं पुस्तक १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टनं काढलं. जुन्या ग्रंथालयात मिळालं तर जरूर चाळा. यादी पक्की होण्यात फायदा मोठा होता. साप ओळखता आला नाही तरी डॉक्टरला एकच बाटली वापरता येते. तोटा असा, की यादीबाहेरचा साप चावला तर काय, हा प्रश्न पुढची कित्येक वर्षं कुणी विचारला नाही.

आता ०.६ कडे. हा आकडा कसा काढतात? ठरावीक विष आणि वेगवेगळ्या प्रमाणात प्रतिविष परीक्षानळीत एकत्र करून शरीराच्या तापमानाला सुमारे अर्धा तास ठेवतात, मग ते मिश्रण उंदरांना टोचून किती जगतात ते मोजतात. लॅम्बच्या काळातल्या पद्धतीचंच हे सुधारलेलं रूप. पण रुग्णाच्या शरीरात असं होत नाही. तिथे विष आधी जातं, पसरतं, चिकटतं, आणि प्रतिविष दोन तासांनी, पाच तासांनी पोचतं. म्हणजे लेबलवरचा आकडा हा सगळ्यात अनुकूल परिस्थितीतला आहे. तरी गणित त्यावरच चालतं. दर मिलिलिटरला ०.६ म्हणजे दहा मिलिलिटरच्या बाटलीला ६ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या उपचारपद्धतीत घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असं धरलेलं आहे. भागाकार करा, दहाच्या आसपास बाटल्या येतात. सुरुवातीला आठ ते दहा बाटल्या द्यायच्या, हा नियम असा आला.

या गणितात एक गोष्ट गृहीत आहे: घोड्याला दिलेलं विष आणि रुग्णाला चावलेल्या सापाचं विष सारखंच आहे. घोड्याला दिलेलं विष कुठून येतं?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सापाच्या कातड्याचा धंदा बंद झाला आणि तामिळनाडूतल्या इरुला समाजाच्या साप पकडणाऱ्यांचं पोट बुडालं. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं १९७८ मध्ये चेन्नईजवळ वडनेम्मेली इथे त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, काही आठवडे ठेवायचा, ठरावीक वेळा विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडायचा. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष कित्येक वर्षं या एकाच ठिकाणाहून येत आलं आहे. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुला साप पकडणाऱ्यांना पद्मश्री मिळाली. ती बातमी वाचली तेव्हा मला याकोपो सोत्सी आठवला, आणि बाक ल्यूचा तो अनाम माणूसही.

पण विज्ञानाचा प्रश्न उरतोच. एका जिल्ह्याच्या आसपासच्या सापांचं विष आणि राजस्थानातल्या, विदर्भातल्या, बंगालमधल्या त्याच जातीच्या सापांचं विष एकच असतं का? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटानं २०१९ पासून यावर एकामागून एक पेपर काढले आहेत. उत्तर 'नाही' असं आहे. विषातली प्रथिनं भक्ष्य, वय, प्रदेश यांनुसार बदलतात. एकाच जातीच्या नागाच्या विषात कुठे मज्जासंस्थेवर काम करणारे घटक जास्त, तर कुठे पेशी मारणारे. बाजारातली प्रतिविषं काही ठिकाणच्या नमुन्यांवर चालतात, वाळवंटी भागातल्या नागावर फार कमी पडतात. यादीबाहेरच्या जाती, जसं पश्चिम भारतातली सिंधी मण्यार किंवा ईशान्येकडचा तो एका चकत्याचा नाग, यांच्यावर तर आणखीच. लॅम्बनं 'कुठला साप?' विचारलं होतं. सव्वाशे वर्षांनी आपण 'कुठल्या गावचा साप?' विचारतोय. पद्धत तीच आहे, विष घ्या, सीरम घ्या, मोजा. तुम्हाला या विषयात यायचं असेल तर एक व्यवहाराची गोष्ट आताच सांगून ठेवतो: सापाचे नमुने गोळा करायला दर राज्याच्या वनखात्याची वेगळी परवानगी लागते. सिनॉप्सिसमधल्या वेळापत्रकात तिच्यासाठी महिने धरा, आठवडे नव्हे.

हे सगळं कुणासाठी, ते आता बघू. फेररच्या ११,४१६ चं पुढे काय झालं? सरकारी रुग्णालयांच्या नोंदीत सर्पदंशाचे मृत्यू बरीच वर्षं अगदी थोडे दिसायचे. मग 'मिलियन डेथ स्टडी' या प्रकल्पात घरोघर जाऊन, माणूस कसा गेला हे घरच्यांना विचारून कारणं ठरवली गेली. २०११ मध्ये त्यातून आलेला अंदाज: २००५ या एका वर्षात सुमारे ४६,००० मृत्यू. रुग्णालयांच्या अधिकृत आकड्याच्या तीसपटीहून जास्त. २०२० च्या पुढच्या पेपरात २००० ते २०१९ या वीस वर्षांत मिळून सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक सगळे ग्रामीण भागात, पावसाळ्यात सर्वाधिक, आणि बरेचसे रुग्णालयाबाहेर. रुग्णालयात न पोचलेला माणूस रुग्णालयाच्या रजिस्टरात कसा दिसणार? विडाल यांनी १८९० मध्ये जवळपास हेच दाखवलं होतं.

आणि म्हणून काचेची एक साधी परीक्षानळी मला या इतिहासातलं सगळ्यात सुंदर उपकरण वाटते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग तिरकी करून बघायचं. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलंय असं समजून प्रतिविष सुरू करायचं. यंत्र नको, वीज नको. फोंताना ते लॅम्ब हा सगळा प्रवास त्या वीस मिनिटांत आहे. नळी साबणानं धुतलेली असेल तर मात्र चाचणी फसते, कारण गोठणं सुरू व्हायला काचेचा पृष्ठभाग लागतो. घोणशीच्या त्याच विषाचा उपयोग १९३४ पासून उलट बाजूनं होऊ लागला: इंग्लंडमध्ये मॅकफर्लेन आणि बार्नेट यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला ते लावून पाहिलं. आज पॅथॉलॉजी लॅबमधल्या 'डीआरव्हीव्हीटी' या रक्तचाचणीत जी 'आरव्हीव्ही' अक्षरं आहेत ती घोणशीच्याच विषाची.

जाता जाता एक ताजा पेपर सुचवतो, म्हणजे हा सगळा इतिहास हाताशी ठेवून वाचायला. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेनं आणि बेंगळुरूच्या याच गटानं मिळून '९५मॅट५' नावाची प्रयोगशाळेत घडवलेली अँटिबॉडी प्रसिद्ध केली. घोडा नाही, एकच रेणू. उंदरांवरच्या प्रयोगात तो वेगवेगळ्या खंडांतल्या सापांच्या विषाला अडवतो. वर्तमानपत्रांनी मथळे दिले की सगळ्या सापांवर एकच औषध येतंय. काल्मेतला वाचून बरं वाटलं असतं. तुम्ही मथळा सोडून मूळ पेपर काढा आणि कुठली विषं तपासली आहेत ती बघा. ती अँटिबॉडी मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या विषघटकांच्या एका कुटुंबाला धरते, नाग-मण्यारीच्या कुळातल्या. घोणस आणि फुरसं त्यात नाहीत.